ऐकलं ते म्हण

१

दुकानाचं शटर वर गेलं की ताईचं तोंड सुरू होई, आणि शटर खाली आल्यावर ते बंद होईलच याची खात्री नसे. धाकटी म्हणायची, "ताई, कानाच्या यंत्रांचा धंदा तुझ्यासाठीच आहे बघ. गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याला तुझं ऐकू येत नसतं, आणि यंत्र लावून ऐकू यायला लागलं की ते घरी पळतं."

"पळू दे. तू कुठे पळणार आहेस?" ताई म्हणायची.

धाकटी कुठेच पळणार नव्हती. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती. ताईने वडिलांचं दुकान आणि घरातलं शेंडेफळ, दोन्ही एकदमच पदरात घेतलं आणि त्या धांदलीत स्वतःचं लग्न करायचं विसरूनच गेली. आता ताईचे केस पिकले होते, गुडघे कुरकुरत होते. वर राहतं घर, खाली दुकान, मध्ये एक अरुंद जिना. तो उतरताना ताई जिन्याशीही बोलायची.

दुकानाच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत काउंटर आणि दुरुस्तीचं टेबल. आतली खोली तपासणीची, भिंतींना जाड कापड लावलेली, कोपऱ्यात माठ आणि चहाचे कप. मध्ये काचेचं सरकतं दार. दुरुस्त झालेलं यंत्र परत देण्याआधी तपासायची वडिलांच्या काळापासूनची रीत होती. धाकटी टेबलाशी बसून यंत्र एका नळीला जोडायची. नळीची दोन टोकं डॉक्टरांसारखी कानांत घालायची आणि डोळे मिटायची. ताई आत स्टुलावर पाठ करून बसायची, म्हणजे ओठ दिसायला नकोत. दाराला वीतभर फट ठेवायची आणि मनात येईल ते बोलायचं. धाकटीने जे ऐकलं ते मोठ्याने परत म्हणायचं. जुळलं तर यंत्र पास.

"ऐकलं ते म्हण," वडील सांगायचे. "समजलं ते नको."

त्या दुपारी ताई आतून काहीतरी बोलली आणि धाकटीने परत म्हटलं, "पाणी ठेवलंय. घाबरू नकोस."

ताई स्टुलावरच गर्रकन वळली. "काय ठेवलंय?"

"पाणी. घाबरू नकोस म्हणालीस ना?"

"अगं बये! मी म्हटलं, समोरच्या न्हाव्याने मिशी काढलीय आणि आता तो सोललेल्या अंड्यासारखा दिसतो. यात पाणी कुठून आलं?"

दोघी पोट धरधरून हसल्या. धाकटीने यंत्र पुन्हा जोडलं, ताईने न्हाव्याची पुन्हा बदनामी केली आणि या वेळी शब्द न् शब्द जुळला.

पण यंत्र डबीत ठेवताना धाकटीचा हात रेंगाळला. ते वाक्य ताईच्या आवाजात नव्हतंच. तो बाईचा, थकलेला, म्हातारा आवाज होता. आणि कापडाच्या भिंतींमध्ये कुठलाही आवाज विरून जातो, तसा तो विरला नव्हता. त्याच्यामागे किंचित घुमारा होता. सामान काढून नेलेल्या घरात बोललं की येतो, तसा.

२

धाकटी भोळी नव्हती. यंत्रांशी आयुष्य गेलेलं. तार सैल असली की यंत्र भलताच आवाज पकडतं, हे तिला ठाऊक होतं. शेजारच्या शिंप्याचा रेडिओ असेल, वरच्या गल्लीतली कुणी आजी असेल. तिने सगळ्या तारा तपासल्या. शिंप्याला विचारून आली. त्याचा रेडिओ दिवाळखोर मित्राने कधीच नेला होता.

आवाज पुन्हा आला, अधूनमधून, आणि नेहमी थोडकंच बोलला. "दूध चुलीवर आहे." "खिडकी लाव, वारं लागेल." "जेवलीस का?" घाबरवणारं त्यात काहीच नव्हतं. दूध खरंच चुलीवर असायचं, पण ते ठेवलेलं धाकटीनेच असायचं. म्हणजे आवाजाला तिच्यापेक्षा जास्त काही माहीत नव्हतं. म्हणजे तो तिच्यातूनच येत होता. असा हिशेब ती मांडायची, आणि हिशेब बरोबर असूनही रात्री झोप यायची नाही.

त्याच सुमारास मास्तर पहिलं यंत्र लावायला आले. शाळेतून निवृत्त झालेले, आवाज अजून मैदानावरचा. सोबत बायको.

"केसांखाली झाकलं जाईल ना?" मास्तरांनी आधीच विचारलं.

"केस असते तर झाकलं असतं," त्यांची बायको म्हणाली.

"अहो मास्तर, दिसू दे की," ताई म्हणाली. हे भाषण तिचं रोजचं होतं. "डोळ्याला चष्मा चालतो. दात गेले तर कवळी चालते. कानालाच कसली हो लाज? शरीराचा एक भाग थकला, त्याला हात दिला. संपलं."

धाकटीने यंत्र कानात बसवून चालू केलं. "बोला काहीतरी."

"काय बोलू?" मास्तर म्हणाले आणि दचकून मागे पाहिलं. "हा कोण म्हातारा बोलतोय?"

"तुम्हीच."

"छे! माझा आवाज असा नाही."

"लग्न झाल्यापासून मी हाच ऐकतेय," बायको म्हणाली आणि ताई काउंटरवर हात आपटून हसली.

ते गेल्यावर धाकटीने मोडीत निघालेलं एक जुनं यंत्र नळीला जोडलं. बंद यंत्राची शांतता आणि चालू यंत्राची शांतता या दोन वेगळ्या असतात. बंद यंत्रात कापूस कोंबल्यासारखं वाटतं. चालू यंत्रात कुणी बोललं नाही तरी खोली ऐकू येते, कुणीतरी बोलायचं थांबलंय असं वाटत राहतं.

नळीत चालू यंत्राची शांतता होती.

मग तो आवाज, अगदी मायेने: "किती वाळलीस गं."

धाकटीने डोळे उघडले. यंत्राचा सेल काढलेला होता. तो तिच्यासमोर, टेबलावर पडला होता.

३

हे तिने ताईला सांगितलं नाही. फोन उचलणं मात्र सोडलं, कारण फोनवर बोलणाऱ्याच्या जोडीने कधीकधी तो आवाजही बोलायचा. जेवताना घास हातातच राहायचा. ताई म्हणायची, "कुणाच्या प्रेमात पडलीस की काय? पड बाई, पण जेवून पड."

मग मास्तरांचं यंत्र दुरुस्तीला आलं. मास्तर काउंटरशीच थांबले होते. ताईने आत बसून काहीतरी म्हटलं, धाकटीने परत म्हटलं, "सावकाश जा म्हणावं." ताईला वाटलं, पोरगी मास्तरांना निरोप देतेय. घाईत ती हो म्हणाली. मास्तर यंत्र लावून गेले.

संध्याकाळी मास्तरांची बायको एकटीच आली. मागून सायकलवाला घंटा बडवत आला होता आणि मास्तर रस्त्याच्या मधोमध शांतपणे चालत होते. कोपर मोडलं. "त्यांना वाटलं, आज रस्ता किती निवांत आहे," ती म्हणाली आणि यंत्र काउंटरवर ठेवलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

ताईने यंत्र उघडलं. आतली तार सरळ तुटलेली. "यातून मेघगर्जनाही जायची नाही. मग तू तपासलंस तेव्हा ऐकलंस काय?"

धाकटीने सांगितलं. सगळं सांगितलं.

आणि ताई गप्प झाली. धाकटीच्या आठवणीत पहिल्यांदा. शटर खाली ओढतानाही बोलली नाही, जिना चढतानाही नाही. वर गेल्यावर तिने धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून बोटं फिरवत राहिली. त्या गप्प बसण्याचं धाकटीला जेवढं भय वाटलं तेवढं कुठल्याच आवाजाचं वाटलं नव्हतं.

४

डॉक्टरीणबाईंची खोली लहान आणि उजेडाची होती. बाई मनाच्या डॉक्टर, पण बोलणं शेजारणीसारखं.

"आवाज त्रास देतो? काही करायला सांगतो?"

"नाही. काळजी करतो."

"तुमच्या घरी काळजी करणारं आधीच एक माणूस दिसतंय," बाईंनी ताईकडे पाहिलं. ताई खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठायला तयार असल्यासारखी. "बघा, आजाराची मला शंका आहे. खात्री नाही. इतक्यात नाव चिकटवायची घाई मी करणार नाही. झोप नाही, जेवण नाही, नसलेला आवाज ऐकू येतो, कामात चूक झाली. एवढ्यावर मी म्हणेन, एक छोटी गोळी सुरू करू. तोंड कोरडं पडेल, झोप जड होईल, कदाचित वजन वाढेल. भेटत राहू. नाही मानवली तर बदलू."

"गोळीने तो जाईल?"

"जायची बरीच शक्यता आहे. तुम्हाला भीती कशाची वाटते?"

धाकटी म्हणाली, "तो जाईल याची. आणि गोळी घेऊनही गेला नाही तर, याची."

बाईंनी मान डोलावली. "भीती दोन्ही खऱ्या आहेत. विचार करा. पण फार लांबवू नका."

गोळ्यांची पट्टी धाकटीने दुकानात सेलच्या खोक्यांमागे लपवून ठेवली. ताईला ती सापडायला वेळ लागला नाही.

"केसांखाली झाकलं जाईल ना?" ताईने मास्तरांची हुबेहूब नक्कल केली. "अगं, दिवसभर लोकांना मी काय सांगते? कानाला लाज नाही नि डोक्याला आहे?"

"लाजेचं नाही गं, ताई."

"मग?"

"कानाला यंत्र लावलं की जास्त ऐकू येतं. ही गोळी घेतली की कमी ऐकू येणार. आणि जे जाईल ते..." तिला पुढचं नीट सांगता येईना. "ती माझ्याशी चांगली वागते, ताई. तिचं कुणी नाहीये."

"कुणाचं?" ताईने विचारलं. आणि मग अगदी हळू, "शेंडे, ती कोण?"

"माहीत नाही."

ताईने पट्टी तिच्या हातात ठेवली. "मला तू हवीस," ती म्हणाली. "बाकी तुझ्या कानात चाळ राहिली तरी माझं काही म्हणणं नाही. पण घास खाणारी, भांडणारी, माझी तू मला परत हवीस. त्या मास्तरांच्या जागी उद्या तूच रस्त्याच्या मधोमध असशील. मी कुठवर मागे धावू? गुडघे बघ माझे."

५

आवाजाला उत्तर द्यायचं नाही, एवढा एक नियम धाकटीने पहिल्यापासून पाळला होता. ऐकणं हातात नसतं. बोलणं असतं. उत्तर दिलं की आपणच दार उघडलं.

जेवणानंतरची वेळ होती. रस्ता पेंगत होता. ताई आतल्या खोलीत पाठ करून कप विसळत बसली होती आणि कपांशी बोलत होती. "तुझा कान कुणी तोडला रे? आमच्या दुकानात राहून तुझाच कान जावा!" काचेच्या दाराला नेहमीची वीतभर फट होती. ऊन काउंटरवरून सरकत टेबलापर्यंत आलं होतं.

धाकटीने मोडीतलं यंत्र नळीला जोडलं. सेल खिशात. गोळ्यांची पट्टी हातात.

"घेऊ का?" तिने कुजबुजून विचारलं.

नळीत खोली उघडली. ती रिकामी, घुमणारी खोली. कुठेतरी एकच कप बशीवर ठेवल्याचा आवाज.

"घे," आवाज म्हणाला. "मी घेतली होती."

धाकटीने नळी कानांत घट्ट दाबली. "मग? मग तू कशी..."

"हळू बोल," आवाज म्हणाला. त्यात पहिल्यांदाच घाई होती. "ताई बोलतेय ना तिकडे? थांब जरा. ऐकू दे."

धाकटी थांबली. आत ताई एका बशीला तिची लायकी सांगत होती. पाण्याची बारीक धार पडत होती. नळीच्या पलीकडे कुणीतरी श्वास रोखला होता, एक शब्दही सांडू नये अशा बेताने.

धाकटीची नजर काचेवर गेली. काचेत तिचं प्रतिबिंब होतं, नळी कानांत घालून बसलेलं. उन्हाने असेल, केस पांढरे दिसत होते. एवढं उन्हाने होतं. पण धाकटी काचेकडे सरळ पाहत होती आणि काचेतली बाई तिच्याकडे पाहत नव्हती. तिची मान वळलेली होती. ती ताईच्या पाठीकडे बघत होती. कपांवर वाकलेल्या, रोजच्या, फुलाफुलांच्या ब्लाउजातल्या त्या पाठीकडे अशी बघत होती, की धाकटीला ते बघवेना.

तिने नळी ओढून काढली. काचेत तीच होती. घाबरलेली, काळ्या केसांची.

"ताई!"

"काय गं? केवढ्याने ओरडतेस!" कप घेऊन ताई वळली. जिवंत, ओल्या हातांची, वैतागलेली.

"काही नाही. आहेस ना, बघितलं."

"जाते कुठे!" ताई म्हणाली.

६

धाकटी टेबलाशी बसून राहिली आणि हिशेब पुन्हा मांडायला लागली. आईबाप लवकर गेलेली मुलगी. एकच माणूस उरलेलं, आणि त्या माणसाचे केस पिकलेले. अशा मनाने भीतीने दुबळं होऊन एखादी म्हातारी घडवली, तिला आपलाच आवाज दिला, यात नवल काय? डॉक्टरीणबाई हेच म्हणतील आणि ते पटण्यासारखं असेल. दुसराही एक हिशेब होता. तो तिने मांडला नाही. नुसता त्याच्या कडेने हात फिरवला.

यंत्रात खरखर आली तर ती यंत्राची की खोलीची, हे बसून विचार करून कधी कळत नाही. वडिलांनी शिकवलं होतं. एक गोष्ट बदलायची आणि परत ऐकायचं.

आणि मास्तरांचं कोपर खरं होतं. ते कुठल्याही हिशेबात मोडलेलंच राहत होतं.

आणि ती जी कोण होती, तीही घे म्हणाली होती. हे मात्र सगळ्यांत जास्त टोचत होतं. आजार स्वतःवरचं औषध कशाला सुचवेल? आणि आवाजाच्या सांगण्यावरून गोळी घेतली, तर ऐकलं कुणाचं?

"ताईचं," ती मोठ्याने म्हणाली. "मी ताईचं ऐकतेय."

ती आत गेली आणि पट्टी ताईच्या ओल्या हातावर ठेवली. "तूच काढून दे. माझे हात कापतायत."

ताईने काही विनोद केला नाही. गोळी सोडवली. तिचेही हात कापत होते, त्यामुळे गोळी एकदा खाली पडली, कपाटाखाली गेली, आणि ताई गुडघ्यांना शिव्या देत खाली बसली तेव्हा दोघींना हसू फुटलं. दुसरी गोळी काढली. ताईने माठातून पेला भरला, स्टुलावर ठेवला आणि धाकटीच्या गालाला हात लावून म्हणाली,

"पाणी ठेवलंय. घाबरू नकोस."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. न्हाव्याने मिशी काढली त्या दुपारी हे वाक्य अजून कुणी बोललंच नव्हतं. नळीच्या पलीकडे कुणीतरी फक्त ऐकलेलं परत म्हणत होतं. किंवा पोरीला एखादं वाक्य हवंसं वाटत होतं आणि ते आज तिला मिळालं. दोन्हींतलं काहीही असो, ताईचा हात गालावर होता आणि तो गरम होता.

तिने गोळी घेतली.

७

तोंड कोरडं पडलं. झोप अशी आली, की ताईला सकाळी पांघरूण ओढून काढावं लागे. चेहरा भरला. "आता कशी माणसांसारखी दिसतेस," ताई म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी मात्रा एकदा वाढवली, एकदा कमी केली. धाकटीने गोळ्यांची पट्टी काउंटरवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. मास्तर कोपराचं प्लास्टर काढून आले तेव्हा त्यांनी ती उचलून वाचली आणि परत ठेवली. "माझ्या बायकोचं सगळं ऐकू येतं मला आता," ते म्हणाले. "त्यावर आहे का काही गोळी?"

आवाज विरळ होत गेला. आधी शब्द गेले, मग कपाचा आवाज, मग तो घुमारा. शेवटी मोडीतल्या यंत्रात कापूस उरला. धाकटी एकदा त्यासाठी रडली, आणि ताई का म्हणून न विचारता शेजारी बसून राहिली.

मग एक दुरुस्त यंत्र तपासायचं होतं. धाकटीने ते नळीला जोडलं, सेल आहे ना ते दोनदा पाहिलं, डोळे मिटले. ताई आत स्टुलावर पाठ करून बसली.

"शेंडे, जे पेन तू सकाळपासून दुकानभर शोधतेयस," ताई म्हणाली, "ते तुझ्या वेणीत खोचलेलं आहे. मी मुद्दाम सांगितलं नाही."

स्पष्ट ऐकू आलं. धाकटीने वेणी चाचपली. पेन होतं. हसू ओठांपर्यंत आलं आणि ती म्हणायला तोंड उघडणार, तोच ती थांबली.

ताईचं वाक्य संपलं होतं. नळीत शांतता होती. चालू यंत्राची शांतता. यंत्र चालूच होतं, सेल नवा होता, तसंच असायला हवं होतं. कुणीही काहीही बोललं नाही.

"ऐकू आलं का?" आतून ताई.

"नाही, ताई," धाकटी म्हणाली. "परत म्हण."

"यंत्र खराब की तू?" ताई करवादली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली, सावकाश, मोठ्याने, शब्द न् शब्द सुटा करून.

धाकटीने डोळे उघडले नाहीत. तिने नुसता हात लांब केला आणि यंत्र दाराच्या फटीच्या आणखी जवळ नेऊन धरलं, जिला ऐकायचं असेल तिला नीट ऐकू यावं म्हणून.